खांदेरी, केनेरी आणि एका आघाताची गोष्ट



थळच्या किनाऱ्यावर उभं राहिलं की समोर दोन बेटं दिसतात. अलीकडचं उंदेरी, पलीकडचं खांदेरी. इथल्या कोणत्याही मुलाला विचारा, नावं तोंडपाठ आहेत. आता मुंबईकर इंग्रजांचे जुने कागद आणि नकाशे उघडा. तिथं हीच बेटं 'हेनेरी' आणि 'केनेरी' म्हणून भेटतात. १६७९ साली शिवाजी महाराजांनी खांदेरीवर किल्ला बांधायला घेतला. इंग्रजांनी तो अडवायचा प्रयत्न केला, समुद्रात लढाई झाली, आणि १६८० च्या सुरुवातीला त्यांना समझोता करावा लागला. बेट काही त्यांच्या हाती लागलं नाही. नाव मात्र त्यांनी आपल्या जिभेला बसेल असं करून घेतलं. स्पेलिंगवरून तरी असं दिसतं, की सगळा जोर पहिल्या अक्षरावर टाकला आणि उरलेलं नाव त्याच्यामागे फरफटत नेलं.

याबद्दल त्यांचे गुण कुणी कापले नाहीत. आजचा आमचा विषय इथूनच सुरू होतो.

काही महिन्यांपूर्वी आमच्या ओळखीतली एक मुलगी आमच्याकडे आली. परिचारिकेचं शिक्षण झालेलं, परदेशात काम करायचं मनात, आणि त्यासाठी इंग्रजीची परीक्षा द्यायची. आयईएलटीएस नावाची ही परीक्षा १९८९ पासून घेतली जाते. तिच्या बोलण्याच्या भागात चार गोष्टी मोजतात: ओघ, शब्दसंपत्ती, व्याकरण आणि उच्चार. चारींना सारखंच वजन. म्हणजे बोलण्याचे पाव गुण एकट्या उच्चाराचे. तिच्या सरावाच्या वहीत शब्द दिले होते आणि आघात कुठं येतो तिथं खूण करायची होती. तिनं वीसपैकी वीस खुणा बरोबर केल्या होत्या. आम्ही म्हटलं, "छान. आता हे शब्द मोठ्यानं वाच बरं, बाळ." तिनं वाचले. एकही आघात जागेवर नाही! ती स्वतःच थबकली आणि म्हणाली, "सर, मला उत्तर येतं, पण शब्द येत नाही. असं कसं?"

प्रश्न साधा नाही. तत्त्वज्ञानाच्या वर्गात आम्ही 'माहीत असणं' आणि 'करता येणं' यांतला फरक वर्षानुवर्षं शिकवला, पण इतकं चोख उदाहरण आम्हाला सापडलं नव्हतं. याचं उत्तर त्या मुलीच्या जिभेत शोधू नका. ते आपल्या परीक्षांच्या इतिहासात आहे.

थोडं मागं जाऊ. १८३६ साली दादोबा पांडुरंग तर्खडकरांचं मराठी व्याकरण प्रसिद्ध झालं. त्याची मांडणी लिंडले मरे यांच्या इंग्रजी व्याकरणाच्या धर्तीवर होती. या मरेसाहेबांनी १७९५ च्या आपल्या पुस्तकात व्याकरणाचे चार भाग केले होते: वर्ण आणि लेखन, शब्दांचे प्रकार आणि रूपं, वाक्यरचना, आणि चौथा भाग उच्चाराचा. या चौथ्या भागात आघात, मात्रा, विराम, सूर हे सगळं येतं. लक्षात घ्या, त्यांच्या लेखी आघात हा व्याकरणाचाच भाग होता. दागिना म्हणून वरून घातलेला नव्हता.

मग १८५७ साली मुंबई विद्यापीठ स्थापन झालं. १८५९ साली पहिली प्रवेश परीक्षा झाली आणि महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर अशी मंडळी तीतून पुढं गेली. त्यानंतर मॅट्रिक हा आपल्या समाजातला एक उंबरठाच झाला. उंबरठ्याच्या आत नोकरी, पगार, मान. बाहेर शेत, होडी, मजुरी. ज्या घरांत अक्षरच नव्हतं, त्यांना तर या उंबरठ्याची किंमत जास्तच कळत होती. सावित्रीबाई फुल्यांच्या १८५४ च्या 'काव्यफुले' या संग्रहात इंग्रजी शिकण्याचा आग्रह आहे तो उगीच नाही.

पण उंबरठ्यावर गर्दी वाढली. परीक्षार्थी शेकड्यांचे हजार झाले. हजारो मुलांचं बोलणं बसून ऐकणार कोण? कागद तपासणं सोपं. त्यामुळे मरेच्या चार भागांपैकी पहिले तीन कागदावर सुखानं नांदले. चौथा भाग कागदावर ऐकू येत नाही, म्हणून तो मागे पडत गेला. कुणी ठरवून काढला असं नव्हे. परीक्षेत जे विचारत नाहीत ते वर्गात शिकवत नाहीत, हा आपल्याकडचा अलिखित नियम. तोच इथंही लागू झाला.

आमच्या पिढीनं याचं फळ खाल्लं. आम्ही तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर वाढलो. मराठी वाक्याचं इंग्रजी करा, इंग्रजीचं मराठी करा. पुढं रेन आणि मार्टिन यांचं जाडजूड व्याकरण आलं. कर्तरीचं कर्मणी करा, प्रत्यक्ष कथनाचं अप्रत्यक्ष करा. या पुस्तकांना आम्ही नावं ठेवणार नाही. त्यांनी आम्हाला वाक्याचा सांगाडा दिला, आणि तो आजही मोडलेला नाही. पण स्पेलिंग लक्षात राहावं म्हणून आम्ही काय करायचो, आठवतंय का? 'नॉलेज'ला 'कनोवलेडगे' म्हणायचो, 'वेन्सडे'ला 'वेडनेसडे'. (हशा) हसताय, म्हणजे तुम्हीही म्हणत होता! डोळ्याच्या सोयीसाठी आम्ही कानाचा बळी दिला होता.

राज्यानं वाद घातले नाहीत असं नाही. १९४८ च्या सुमारास बाळासाहेब खेरांच्या सरकारनं मुंबई प्रांतात इंग्रजी आठवीपासून केली. आमच्या वेळी ती पाचवीत भेटली. २००० साली महाराष्ट्रानं ती पहिलीपासून आणली. प्रत्येक वेळी भांडण एकच: कोणत्या इयत्तेपासून? इंग्रजी डोळ्यांनी शिकवायची की कानांनी, यावर तसं भांडण झाल्याचं आम्हाला आठवत नाही. तोंडी परीक्षेचे गुणसुद्धा आले, गेले, पुन्हा आले.

आता आघात म्हणजे नेमकं काय, ते पाहू. मराठीत आपण प्रत्येक अक्षराला त्याचा वाटा देतो. 'समुद्रकिनारा' म्हणताना कोणत्याही अक्षरावर अन्याय होत नाही. आपली लय लघु-गुरूवर चालते. एखाद्या शब्दावर जोर द्यायचा झाला तर आपण त्याला 'च' लावतो: "तूच आलास", "तू आलासच". जोर देण्याचं निम्मं काम आपल्याकडे हा एक प्रत्ययच करतो. इंग्रजीकडे 'च' नाही. तिथं ते काम आवाज करतो, आणि तेही एकेका शब्दाच्या आत. एक तुकडा उंच, लांब, स्पष्ट, बाकीचे दबलेले.

'फोटोग्राफ' घ्या. इंग्रज तो 'फो-ट-ग्राफ' म्हणतो, पहिल्या तुकड्यावर जोर. त्याचाच 'फोटोग्राफी' झाला की 'फ-टॉ-ग्र-फी', जोर दुसऱ्यावर, आणि पहिला 'फो' आक्रसून 'फ' झाला. 'फोटोग्राफिक' म्हटलं की जोर तिसऱ्यावर. जोर सरकतो तसे स्वरही बदलतात. आपण मात्र तिन्हींत 'फोटो' तसाच ठेवतो. 'रेकॉर्ड' हा शब्द नाम असेल तर जोर पहिल्या तुकड्यावर, क्रियापद असेल तर दुसऱ्यावर. म्हणजे हा शब्द नाम की क्रियापद, हे व्याकरण इथं आघात सांगतो.

हे आपल्याला परकं वाटतं. पण खरंच परकं आहे का? पतंजलीच्या महाभाष्यात, अगदी सुरुवातीला, एक जुना दाखला येतो. त्वष्ट्याला इंद्राला मारणारा पुत्र हवा होता. त्यानं यज्ञात 'इंद्रशत्रु' हा शब्द उच्चारला. स्वर शेवटी पडला असता तर तत्पुरुष समास झाला असता: इंद्राचा मारणारा. स्वर पडला पहिल्या पदावर, समास बहुव्रीही झाला: इंद्र ज्याचा मारणारा आहे तो. वृत्र जन्मला, आणि इंद्राच्याच हातून मेला. वेदातला स्वर हा सुराचा चढउतार आणि इंग्रजीतला आघात हा जोराचा, एवढा भेद ध्यानात ठेवू. पण मुद्दा तोच आहे. समास कोणता हा प्रश्न व्याकरणाचा, आणि त्याचं उत्तर उच्चारात. पतंजलीला आणि मरेला, दोघांनाही हे ठाऊक होतं. व्याकरण आणि उच्चार यांची फारकत परीक्षेनं केली.

आमचीही फजिती सांगून टाकतो. कांटचं नीतिशास्त्र आम्ही अनेक वर्षं शिकवलं. एकदा परदेशातून आलेल्या एका पाहुण्या विद्वानांपुढे आम्ही 'कॅटेगॉरिकल इंपरेटिव्ह'वर बोललो. 'कॅटेगॉरिकल'चा जोर 'गॉ'वर हवा, आमचा 'कॅ'वर. 'इंपरेटिव्ह'चा 'पे'वर हवा, आमचा 'इं'वर. त्यांनी तीनदा विचारलं, "माफ करा, कशावर बोलताय?" शेवटी आम्ही फळ्यावर लिहिलं आणि त्यांचा चेहरा उजळला. ज्या संकल्पनेवर आम्ही हयात घालवली, ती आमच्या तोंडून ओळखू येत नव्हती. खडूनं लाज राखली.

हे एकट्याचं दुखणं नाही. हैदराबादला १९५८ साली इंग्रजीच्या अध्यापनासाठी केंद्रीय संस्था सुरू झाली. तिथल्या आर. के. बन्सल यांनी भारतीयांचं इंग्रजी इतरांना कितपत कळतं याचा अभ्यास केला आणि तो १९६९ साली प्रसिद्ध झाला. न कळण्याची जी कारणं त्यांनी दाखवली, त्यांत शब्दावरचा चुकीच्या जागी पडलेला आघात हे एक मोठं कारण होतं. म्हणजे प्रश्न साहेबासारखं बोलण्याचा नाहीच. समोरच्याला कळण्याचा आहे.

आणि कळण्याला कधी कधी फार किंमत असते. 'फिफ्टीन' आणि 'फिफ्टी' हे दोन शब्द घ्या. सुटे म्हटले तर पहिल्यात जोर शेवटी, दुसऱ्यात सुरुवातीला. शेवटचा 'न' गोंगाटात सहज हरवतो, मग फरक आघातावरच उरतो. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेनं २००१ साली जहाजांवरच्या संभाषणासाठी ठराविक इंग्रजी वाक्यं मान्य केली. त्यांत आकडा एकेक अंक सुटा करून बोलायचा नियम आहे: दीडशे म्हणायचं तर 'वन-फाइव्ह-झीरो'. या किनाऱ्यावरची जी मुलं बोटीवर जातात, त्यांना हे शिकावंच लागतं. आता आमच्या त्या मुलीचा विचार करा. औषध पंधरा मिलिग्रॅम की पन्नास? तिथं खडू-फळा मदतीला येणार नाही.

मग आम्ही तिला काय सांगितलं? पहिलं, पेन खाली ठेव. शब्द वाचायचा नाही, ऐकायचा आणि म्हणायचा. दुसरं, शब्दकोशात तुकड्याच्या आधी वरच्या अंगाला छोटी उभी रेघ असते. जोर तिच्या पुढच्या तुकड्यावर. नवा शब्द लिहिलास की ती रेघही लिही, आपण वेलांटी लिहितो तशी. तिसरं, काही ठोकताळे धर. शेवटी 'शन' आला की जोर त्याच्या आधीच्या तुकड्यावर: 'एज्युकेशन'मध्ये 'के'वर. शेवटी 'इक' आला तरी बहुधा तसंच, पण 'पॉलिटिक्स' हा नियम मोडतो, तेव्हा ठोकताळ्याला वेदवाक्य समजू नकोस. चौथं, 'डेव्हलप', 'हॉटेल', 'कमिटी' हे आपल्या मराठीत मुरलेले शब्द आधी तपास. तिन्हींत इंग्रजी जोर दुसऱ्या तुकड्यावर आहे. परके शब्द माणूस सावधपणे बोलतो, ओळखीचे शब्दच घात करतात.

आणि पाचवं तिनंच आम्हाला शिकवलं. आम्ही टेबलावर बोट आपटून जोर दाखवत होतो. ती म्हणाली, "सर, हे जाळं ओढताना म्हणतात तसंच आहे की! एका ठोक्यावर सगळे जोर लावतात, मधले शब्द नुसते वाहून जातात." आम्ही अवाक झालो. बापाच्या होडीवर तिनं लहानपणापासून जे ऐकलं होतं, त्यात ही लय होतीच. पुस्तकानं तिला कधी सांगितलं नव्हतं, की हे तुला आधीपासून येतं. त्यानंतर ती शब्द म्हणू लागली, ते ठोक्यावर. सगळे नाही, पण बरेचसे जागेवर पडले.

एक गोष्ट सांगून थांबतो. आपली मराठी चालीची इंग्रजी ही लाज नव्हे. सगळ्या अक्षरांना समान वाटा देणाऱ्या भाषेतून आपण आलो, त्याची ती खूण आहे. आघात शिकायचा तो ती खूण पुसायला नव्हे, समोरच्यापर्यंत पोचायला. आणि हा रस्ता दोन्हीकडून चालायचा असतो. ज्यांनी खांदेरीचं केनेरी केलं त्यांना परीक्षा नव्हती, आमच्या मुलीला आहे, हा अन्याय आहेच. तो आम्ही लपवणार नाही. तिलाही तसंच सांगितलं, कारण अन्याय ठाऊक असलेलं माणूस न्यूनगंडानं शिकत नाही, डोळे उघडे ठेवून शिकतं.

२०१९ च्या सप्टेंबरात आपल्या नौदलात एक पाणबुडी दाखल झाली. तिचं नाव 'खांदेरी'. आता जगभरच्या खलाशांना ते नाव आपण म्हणतो तसं म्हणण्याचा सराव करावा लागेल. सुरुवातीला त्यांचा आघात चुकेल. आपण समजून घेऊ.

काही प्रश्न असतील तर जरूर विचारा, आणि तोंडीच विचारा, चिठ्ठीवर लिहून नको.