परसातले पाणी : सोलापूरच्या बागांची एक हकीगत

यंदाच्या स्मरणिकेसाठी परसबागेवर काही लिहावे, असा भगिनींचा आग्रह झाला. बी-बियाण्यांवर लिहिणाऱ्या जाणत्या भगिनी मंडळात आहेत. मी लिहिते ते पाण्याविषयी, कारण सोलापुरात बागेचा इतिहास म्हणजे पाण्याचाच इतिहास.

आपले गाव पर्जन्यछायेतले. मृग हुलकावणी देतो. त्यातल्या त्यात भरवसा सप्टेंबरच्या पावसाचा. म्हणून तर आपल्याकडे रब्बीची ज्वारी. बाराव्या शतकात सिद्धरामेश्वरांनी तळे खोदविले, अशी आपली श्रद्धा. इंग्रजी अमदानीत अदिला नदीवरील एकरुखचा तलाव १८७१ मध्ये पुरा झाला, आणि पाचच वर्षांनी १८७६-७७ चा भयंकर दुष्काळ पडला. पुढे गिरण्या आल्या, वस्ती वाढली, १९८० मध्ये उजनीचे धरण झाले. हे सारे पुस्तकांत सापडते. नळापासून आळ्यापर्यंत पाणी कोणी वाहिले, ते मात्र कोठे सापडत नाही.

१९४३ च्या सुमारास सरकारने 'अधिक धान्य पिकवा' ही मोहीम काढली. तेव्हा सासूबाईंनी अंगणात वांगी, घेवडा आणि एक लिंबाचे रोप लावले. फाल्गुन सरेपर्यंत भाजी करपली. मोरीच्या कडेचा अळू तेवढा हिरवा राहिला! त्यावरून त्यांनी जे ताडले, ते मी लग्न होऊन आल्यावर त्यांच्याकडूनच शिकले. अळू आणि केळ मोरीच्या तोंडाशी, कढीलिंब पाण्याच्या माठाखाली. राखेने घासलेल्या भांड्यांचे पाणी झाडाला चालते, धुण्याच्या सोड्याचे चालत नाही. पाणी दिवस मावळल्यावर घालायचे आणि आळ्यात कडब्याची कुट्टी पसरायची. दोन रोपांच्या मधे जुने सच्छिद्र मडके गळ्यापर्यंत पुरून भरून ठेवले, तर ते दोन-तीन दिवस पाझरत राही. पुस्तकी शिक्षण मला त्यांच्याहून अधिक. पण हे मला सुचले नसते.

मग १९७२ साल उजाडले. घरात सात माणसे, आणि पाण्याचे हंडे मोजून सोळा. मी हिशेब मांडला व लिंबाचे पाणी बंद करावे, असे बोलले. सासूबाई काही बोलल्या नाहीत. मला वाटले, त्यांना पटले.

महिन्याभराने पहाटे जाग आली, तो त्या घमेले घेऊन लिंबाकडे चाललेल्या. स्नानाला मिळणाऱ्या बादलीतली अर्धी त्या रोज झाडासाठी राखीत होत्या. मला इतकी लाज वाटली, की मी तशीच आत येऊन निजल्याचे सोंग केले. दुसऱ्या दिवसापासून तांदूळ धुतल्याचे पाणी मीही गुपचूप तिकडे नेऊ लागले. दोघींनी एकमेकींना कधी विचारले नाही.

एवढे करूनही १९७३ च्या एप्रिलात लिंबू वठलेच. हिशेब माझाच बरोबर होता, पण तसे म्हणण्याचे धैर्य मला आजवर झालेले नाही. सासूबाईंनी कोयता मागितला, फांद्या तोडल्या, वाळवल्या आणि बंबाला घातल्या. जूनमध्ये वळीव झाल्यावर शेजारणीकडून शेवग्याची हातभर फांदी आणून त्यांनी त्याच आळ्यात खोचली, आणि मला म्हणाल्या, "याला फारसे पाणी लागत नाही हो. तुझा हिशेब बिघडायचा नाही."