स्वतःचेच नोकर झालेले डॉक्टर

१९४८ साली अमेरिकेतील मोंटाना राज्यातल्या मिसूला येथील एका दवाखान्याच्या डॉक्टरांनी आपली भागीदारी मोडून एक संघ स्थापन केला. इमारत तीच, रुग्ण तेच, डॉक्टरही तेच. फरक इतकाच, की कालचे भागीदार आज संघाचे पगारी नोकर ठरले.

हा सारा खटाटोप निवृत्तिवेतनासाठी होता.

तत्कालीन करकायद्यानुसार कंपनीने नोकरांच्या निवृत्तिनिधीत भरलेल्या रकमेवर त्या वर्षी कर लागत नसे. निधीतले व्याज आणि लाभांशही करमुक्त साठत जात. कर द्यायचा तो उतारवयात पैसे हाती आल्यावर. तीस वर्षांच्या चक्रवाढीत याने केवढा फरक पडतो! पण सवलत फक्त नोकरांना. स्वतंत्र व्यवसाय करणारा डॉक्टर आपल्या परिचारिकेसाठी असा निधी उभारू शकत होता, स्वतःसाठी नाही. त्यात शिक्षण लांबलेले, म्हणजे कमाईची वर्षे आधीच कमी.

बरे, कंपनी काढावी, तर अनेक राज्यांत कंपनीला वैद्यकीय व्यवसायाची मनाईच होती आणि डॉक्टरांची राष्ट्रीय संघटना या मनाईची खंदी पुरस्कर्ती. ज्या स्वातंत्र्याचा व्यवसायाला अभिमान, तेच म्हातारपणाच्या तजविजीआड येत होते. म्हणून मिसूलात 'संघ' हा मधला मार्ग निघाला.

करखात्याने तो अमान्य केला. त्या संघातले डॉ. आर्थर किंटनर न्यायालयात गेले आणि १९५४ मध्ये अपील न्यायालयात जिंकले. गंमत अशी, की १९३६ मध्ये दुसऱ्या एका दवाखान्यावर कंपनीसारखा कर बसवण्यासाठी करखात्यानेच हा युक्तिवाद यशस्वीपणे केला होता! तरीही खाते हटेना. १९६० च्या नियमांनी त्याने वाट पुन्हा अरुंद केली. राज्यांनी व्यावसायिकांच्या कंपन्यांसाठी नवे कायदे करून ती रुंद केली. अखेर १९६९ मध्ये, खटल्यामागून खटले हरल्यावर, खात्याने माघार घेतली.

दरम्यान ब्रुकलिनचे काँग्रेस सदस्य यूजीन किओ १९५१ पासून स्वतंत्र व्यावसायिकांसाठी विधेयक मांडत होते. १९६२ मध्ये केनेडींनी त्यावर सही केली. हाती आले ते मात्र तुटपुंजे: वर्षाला उत्पन्नाच्या १० टक्के किंवा २,५०० डॉलर, यांतली कमी असेल ती रक्कम गुंतवायची, आणि वजावट तिच्याही निम्म्यावरच. शिवाय तीन वर्षे पूर्णवेळ काम केलेल्या नोकरांना योजनेत घेणे बंधनकारक. डॉक्टर कुरकुरले, पण अनेक परिचारिकांच्या नावे पहिला निवृत्तिनिधी या अटीमुळेच उभा राहिला असणार.

१९७४ मध्ये मर्यादा १५ टक्के किंवा ७,५०० डॉलरवर गेली. पुढे १९८२ च्या कायद्याने कंपनीचा नोकर आणि स्वतंत्र व्यावसायिक यांच्या मर्यादा जवळपास सारख्या केल्या आणि केवळ निवृत्तिनिधीसाठी कंपनी थाटण्याचे डॉक्टरांचे मुख्य कारण उरले नाही.