ॲटवुडची कप्पी

अकरावीच्या भौतिकशास्त्रात एक गणित हमखास भेटतं. कप्पीवरून दोरी सोडलेली, तिच्या दोन टोकांना कमीजास्त वस्तुमानं. त्वरण काढा, दोरीतला ताण काढा. सोबत सूचना: कप्पी वजनरहित व घर्षणरहित समजा. मुलांना वाटतं, हे प्रकरण परीक्षेसाठीच रचलंय. पण ही कप्पी खरीखुरी होती आणि ती घडवायला नामी कारागिरी लागली होती.

ती जॉर्ज ॲटवुडची. केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजात तो शिकवायचा. पुढे ब्रिटनचा पंतप्रधान झालेला धाकटा विल्यम पिट त्याच्या व्याख्यानांना बसत असे. न्यूटनचा ‘प्रिन्सिपिया’ १६८७ चा. पण बल आणि त्वरण यांचं नातं वर्गात मोजून दाखवायचं कसं? सोडलेली वस्तू पहिल्याच सेकंदात जवळपास पाच मीटर खाली जाते. सेकंदाचे ठोके देणाऱ्या लंबकाच्या घड्याळावर ते काय मोजणार! गॅलिलिओनं उतरणीचा आधार घेतला होता. मात्र घरंगळणारा गोळा स्वतःभोवती फिरतोही, आणि हिशेब किचकट होतो.

ॲटवुडनं पडणंच मंद केलं. दोन्हीकडे सारखी वजनं, एका बाजूला किंचित जास्त. ओढ त्या जादा तुकड्याची, हलवायचं मात्र सगळ्यांना. एकूण ६४ भागांत जादा एक भाग असला, तर त्वरण गुरुत्वत्वरणाच्या चौसष्टाव्या हिश्श्याइतकं राहतं. पहिल्या सेकंदात वजन साडेसात सेंटिमीटरच्या जरासं पुढे सरकतं. पट्टीवर ते निवांत वाचता येतं.

कप्पीचा आस त्यानं चार चाकांच्या कडांवर टेकवला. आस फिरला की ती चाकंही फिरत, त्यामुळे घर्षण फारच कमी झालं. जादा वजनाला त्यानं आडव्या दांडीचा आकार दिला. खाली येणारं वजन वाटेतल्या कड्यातून आरपार जातं, दांडी तेवढी कड्यावर अडकते. तिथून पुढे दोन्ही बाजू समान, ओढ संपली. तरीही वजन थांबत नाही, आहे त्याच वेगानं खाली जात राहतं. न्यूटनचा पहिला नियम इतका सरळ दाखवणारं दुसरं उपकरण मला माहीत नाही.

या यंत्राचं वर्णन आधी १७८० मध्ये छापून आलं, तेही मॅगेलन या लंडनवासी पोर्तुगीज विद्वानानं व्होल्टाला लिहिलेल्या पत्रातून. ॲटवुडचा स्वतःचा ग्रंथ १७८४ चा. त्याच्या हिशेबात कप्पी वजनरहित नव्हती. फिरणाऱ्या चाकांचं जडत्व त्यानं प्रयोगानं काढलं आणि एकूण वस्तुमानात धरलं. आपण ते पुसून टाकलं आणि गणित सोपं केलं.

म्हणून शिक्षकांना एक विनंती. कप्पीवर २००-२०० ग्रॅमची वजनं टांगा, एका बाजूला २० ग्रॅम वाढवा आणि एक मीटर उतरायला लागणारा वेळ मोजा. पुस्तकातलं सूत्र सुमारे २.०७ सेकंद सांगेल, घड्याळ त्याहून जास्त दाखवेल. त्या जास्तीच्या वेळेचा हिशेब मुलांना मांडायला सांगा.