गाडी सुरू होत नाही

तुम्ही दार ढकलून आत येता आणि आधी दिसतो तो उजेड. व्हेनिशियन पडद्यांच्या पट्ट्यांमधून तिरपा उतरलेला, भिंतीवर नि सोफ्यावर काळ्या-पांढऱ्या रेघा ओढणारा. त्यात धूळ तरंगते आहे. श्वास जरा जपून घ्या. ही धूळ नव्हे, ॲल्युमिनियमची बारीक भुकटी आहे. छायालेखक जॉन साइट्झने शॉटच्या क्षणभर आधी ती हवेत उडवली आहे, म्हणून कॅमेऱ्याला ही खोली अनेक दिवस बंद असल्यासारखी दिसते.

साल 1943, हॉलिवूडमधला पॅरामाउंट स्टुडिओ. 'डबल इन्डेम्निटी'चं चित्रीकरण चालू आहे. हे नाव म्हणजे विम्याच्या पॉलिसीतलं एक कलम: ठरावीक प्रकारच्या अपघातात मृत्यू आला, तर रक्कम दुप्पट. वॉल्टर नेफ हा विमा एजंट आणि त्याच्या ग्राहकाची बायको फिलिस यांनी त्या कलमापायी तिच्या नवऱ्याला मारायचं ठरवलं आहे. तो आगगाडीतून पडून मेला असं दिसलं पाहिजे.

पलीकडच्या लेखकांच्या खोलीत हे सगळं कसं घडलं, तेही पाहून घ्या. बिली वाइल्डर, हिटलर सत्तेवर आल्यावर 1933मध्ये बर्लिन सोडून आलेला, हातातली छडी फिरवत येरझारा घालत असे. समोर पाईप ओढत रेमंड चँडलर. रहस्यकथांचा एवढा मोठा लेखक, पण पटकथा ही पहिलीच. दोघांना एकमेकांचा श्वाससुद्धा सहन होत नसे. त्या छडीबद्दलही चँडलरने स्टुडिओकडे तक्रार केली होती. पण जेम्स केनच्या मूळ कादंबरीतले संवाद कागदावर चमकतात आणि नटाच्या तोंडी पडतात, हे त्यानेच ओळखलं नि ते नव्याने लिहिले. चित्रपटात नेफचा वरिष्ठ सहकारी कीज याच्या केबिनबाहेर खुर्चीत वाचत बसलेला एक माणूस दिसेल. तो चँडलरच.

आता खुनाचा प्रसंग. गाडीच्या मागच्या बाजूला खाली नेफ दडलेला, पुढे नवरा, चाकावर फिलिस. तुम्ही मान पुढे काढता, पण कॅमेरा नवऱ्याकडे वळतच नाही. तो फिलिस झालेल्या बार्बरा स्टॅनविकच्या चेहऱ्यावर थांबतो. शेजारी माणूस मरतो आहे आणि ती समोरच्या रस्त्याकडे पाहते आहे. फक्त डोळ्यांत काहीतरी निवल्यासारखं होतं. इतका भयंकर खून मी पडद्यावर दुसरा पाहिलेला नाही, आणि तो मी पाहिलेलाच नाही.

पुढचा प्रसंग रुळांलगतचा. प्रेत टाकून झालं, दोघं गाडीत बसली, निघाली. एवढंच चित्रित झालं होतं. मग वाइल्डर बाहेर पडला आणि त्याची स्वतःची गाडीच सुरू होईना. तो धावत सेटवर परतला. ही हकिगत त्यानेच पुढे सांगितली. प्रसंग पुन्हा घेतला गेला. फिलिस किल्ली फिरवते. घरघर, मग काही नाही. पुन्हा घरघर. दोघं एकमेकांकडे पाहतात.

इथून तुम्ही थेट 1944च्या अंधाऱ्या थिएटरात चला. हाच प्रसंग पडद्यावर आहे. घरघर. शेजारच्या बाईंनी पर्सचा बंद घट्ट धरला आहे. आणि तुम्ही? 'हो ना सुरू, हो ना' असं मनात म्हणता आहात. रुळांवर एक निरपराध माणूस मरून पडला आहे आणि तुम्हाला मारेकऱ्यांच्या गाडीची काळजी. नेफ हात पुढे करून किल्ली फिरवतो, इंजिन लागतं, सगळं थिएटर श्वास सोडतं. पुढे 1946मध्ये पॅरिसमधले समीक्षक अशा चित्रपटांना 'फिल्म न्वार' म्हणू लागतील. सावल्या, टोप्या, सिगारेटचा धूर यांची मोजदाद होईल. माझ्या लेखी मात्र सगळं त्या किल्लीत आहे. आपल्या आतला नेफ इतक्या सहज जागा होतो, हे ऐंशी वर्षांनंतरही अंगावर येतं.

निघण्याआधी पुन्हा स्टुडिओत एक फेरी. वाइल्डरने नेफच्या मृत्युदंडाचा प्रसंगही चित्रित केला होता. गॅस चेंबर, काचेबाहेर उभा असलेला कीज. भरपूर खर्चून घेतलेला तो प्रसंग त्याने काढून टाकला, कारण आधीचा प्रसंगच पुरेसा होता. चित्रपटभर कीज खिसे चाचपत राहतो, काडी सापडत नाही, आणि नेफ अंगठ्याच्या नखावर काडी ओढून त्याची सिगार पेटवून देतो. आता नेफ गोळी लागून दारात कोसळला आहे. ओठांत सिगारेट आहे, पण काडी ओढण्याइतकी ताकद बोटांत उरलेली नाही.

कीज खाली वाकतो आणि काडी ओढतो.