अमेरिकेतील द्विवर्षीय महाविद्यालयांचा बास्केटबॉल प्रशिक्षकवर्ग : एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :

शिक्षणसंस्थांच्या इतिहासात संस्थापक, प्राचार्य, इमारती आणि वाढती विद्यार्थिसंख्या यांची नोंद होते. क्रीडांगणावर काम करणारा शिक्षक मात्र बहुधा उपेक्षित राहतो. अमेरिकेतील द्विवर्षीय महाविद्यालयांचा, म्हणजेच कम्युनिटी कॉलेजांचा इतिहासही याला अपवाद नाही. या संस्थांना पूर्वी ‘ज्युनियर कॉलेज’ म्हणत. महाराष्ट्रात या संज्ञेने अकरावी-बारावीचे वर्ग ओळखले जातात. अमेरिकेत मात्र शालेय शिक्षण पूर्ण झाल्यानंतरची पदवीची पहिली दोन वर्षे तिच्यात अभिप्रेत होती. ती पूर्ण करून विद्यार्थ्याने नोकरी धरावी किंवा चार वर्षांच्या विद्यापीठात प्रवेश घ्यावा, अशी ही व्यवस्था आहे.

प्रस्तुत लेखात या महाविद्यालयांच्या पुरुष बास्केटबॉल संघांच्या प्रशिक्षकवर्गाचा ऐतिहासिक आढावा घेतला आहे. हा वर्ग मुळात अध्यापकवर्गाचाच भाग होता आणि त्याच्या कामाचे स्वरूपही प्रामुख्याने अध्यापनाचेच राहिले. परंतु त्याचे मोजमाप विजयांच्या संख्येने आणि पुढील नेमणुकीने होत गेल्यामुळे ही बाब दृष्टीआड झाली, असे येथे प्रतिपादन केले आहे.

शिक्षक हाच प्रशिक्षक :

बास्केटबॉलचा जन्मच एका वर्गात झाला. डिसेंबर १८९१ मध्ये मॅसॅच्युसेट्स राज्यातील स्प्रिंगफील्ड येथे वाय.एम.सी.ए.च्या प्रशिक्षण विद्यालयात जेम्स नेस्मिथ या शिक्षकाने हिवाळ्यात बंदिस्त जागेत खेळता येईल असा खेळ आपल्या विद्यार्थ्यांसाठी तयार केला. पुढे ते कॅन्सस विद्यापीठात शारीरिक शिक्षणाचे अध्यापक झाले व १८९८ ते १९०७ या काळात तेथील संघाचे पहिले प्रशिक्षक राहिले. या काळात त्यांच्या संघाने ५५ सामने जिंकले आणि ६० गमावले. खेळाच्या जनकाच्या नावावर विजयांपेक्षा पराभव अधिक आहेत, ही गोष्ट त्या काळात प्रशिक्षकाकडून कोणती अपेक्षा होती हे सूचित करते. त्यांचे शिष्य फॉग ॲलन यांनी मात्र प्रशिक्षण हाच स्वतंत्र व्यवसाय मानला आणि १९२७ मध्ये बास्केटबॉल प्रशिक्षकांची राष्ट्रीय संघटना स्थापन करण्यात पुढाकार घेतला.

याच सुमारास द्विवर्षीय महाविद्यालये आकार घेत होती. शिकागो विद्यापीठाचे अध्यक्ष विल्यम रेनी हार्पर व जोलिएट येथील शाळेचे प्रमुख जे. स्टॅन्ली ब्राऊन यांच्या प्रयत्नांतून १९०१ मध्ये जोलिएट ज्युनियर कॉलेज सुरू झाले. कॅलिफोर्नियात १९०७ च्या कायद्याने माध्यमिक शाळांना पुढील वर्गांचे शिक्षण देण्याची मुभा मिळाली आणि १९१० मध्ये फ्रेस्नो येथे असे वर्ग सुरू झाले. अशा प्रकारे यांतील अनेक महाविद्यालये शाळेच्याच आवारात वाढली. ‘वर्गात शिकवणारा शिक्षक सायंकाळी संघ घेतो’ ही शालेय परंपरा त्यांच्याकडे आपोआप आली.

संघटना व राष्ट्रीय स्पर्धा :

चार वर्षांच्या महाविद्यालयांच्या स्पर्धांत या संस्थांना स्थान नव्हते. त्यामुळे कॅलिफोर्नियातील महाविद्यालयांच्या पुढाकाराने १९३८ मध्ये फ्रेस्नो येथे राष्ट्रीय ज्युनियर कॉलेज क्रीडा संघटना स्थापन झाली. दुसऱ्या महायुद्धानंतर परिस्थिती झपाट्याने बदलली. १९४४ च्या कायद्याने माजी सैनिकांच्या शिक्षणाचा खर्च शासनाने उचलला, तर १९४७ मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी नेमलेल्या आयोगाने स्थानिक लोकांसाठी अल्पखर्चिक द्विवर्षीय महाविद्यालयांचा पुरस्कार केला. लगेच १९४८ मध्ये मिझुरी राज्यातील स्प्रिंगफील्ड येथे संघटनेची पहिली राष्ट्रीय बास्केटबॉल स्पर्धा झाली. १९४९ मध्ये ती कॅन्ससमधील हचिन्सन या लहान शहरात गेली आणि तेथेच रुजली. मोठ्या विद्यापीठांचे प्रशिक्षक खेळाडू हेरण्यासाठी तेथे येऊ लागले. त्यांची नजर खेळाडूंबरोबर त्यांना घडवणाऱ्या प्रशिक्षकांवरही जाणे स्वाभाविक होते.

दोन वर्षांचे गणित :

चार वर्षांच्या महाविद्यालयात वरच्या वर्गातील खेळाडू नवागतांना संघाची रीत शिकवतात. द्विवर्षीय महाविद्यालयात दरवर्षी सुमारे अर्धा संघ निघून जातो. दुसऱ्या वर्षाचा खेळाडू हाच तेथे सर्वांत अनुभवी असतो. संघाची स्मृती टिकवणारा घटक म्हणून प्रशिक्षकवर्गच शिल्लक राहतो.

शिवाय येथे येणारे सर्व खेळाडू एका प्रकारचे नसतात. कोणी उशिरा उंच झालेला, कोणी घरच्या परिस्थितीमुळे दूर जाऊ न शकलेला, तर कोणी शालेय गुणांत कमी पडलेला असतो. राष्ट्रीय महाविद्यालयीन क्रीडा संघटनेने १९८३ मध्ये मंजूर केलेला व १९८६ पासून अमलात आणलेला ‘प्रपोझिशन ४८’ हा नियम या दृष्टीने महत्त्वाचा ठरला. ठरावीक गुण व प्रवेशचाचणीतील किमान गुणांक नसल्यास विद्यार्थ्याला सर्वोच्च श्रेणीच्या विद्यापीठात पहिल्या वर्षी खेळता येईना. अशांसाठी द्विवर्षीय महाविद्यालय हा दुसऱ्या संधीचा मार्ग बनला. त्यामुळे प्रशिक्षकाचे काम सामन्यापुरते उरले नाही. खेळाडूने कोणते विषय घ्यावेत, कोणत्या विषयांचे श्रेयांक पुढील विद्यापीठ मान्य करील आणि पदविका वेळेत पूर्ण होईल की नाही, हे पाहणे त्याच्याकडे आले. सामना गमावला तर पुढचा सामना असतो. श्रेयांक चुकले तर विद्यार्थ्याचे शिक्षणच थांबते.

पायरी ठरलेले पद :

१९६० नंतर हे पद अनेकांसाठी विद्यापीठाकडे जाणारी पायरी ठरले. जेरी टार्केनियन यांच्या संघांनी रिव्हरसाइड व पॅसाडेना येथील महाविद्यालयांतून १९६४ ते १९६७ अशी सलग चार वर्षे कॅलिफोर्नियाचे राज्य विजेतेपद मिळवले. १९६८ मध्ये ते लाँग बीच येथील विद्यापीठात गेले. डेनी क्रम हे लॉस एंजेलिसच्या पिअर्स कॉलेजात आधी खेळाडू आणि नंतर प्रशिक्षक होते. पुढे जॉन वुडन यांचे सहायक म्हणून काम करून ते १९७१ मध्ये लुइव्हिल विद्यापीठाचे मुख्य प्रशिक्षक झाले व १९८० आणि १९८६ मध्ये त्यांनी राष्ट्रीय विजेतेपद मिळवले. एडी सटन यांनी १९६६ मध्ये कॉलेज ऑफ सदर्न आयडाहो येथील संघ शून्यातून उभा केला. १९७४ मध्ये ते आर्कान्सा विद्यापीठात आले, तेव्हा हचिन्सनच्या महाविद्यालयातील जीन कीडी यांना त्यांनी सहायक म्हणून घेतले. द्विवर्षीय महाविद्यालयांतील अनुभवाला विद्यापीठांच्या वर्तुळात मोल होते, हे यावरून दिसते.

नोलन रिचर्डसन यांचे उदाहरण सामाजिक दृष्टीनेही लक्षणीय आहे. टेक्सासमधील एल पासो येथे शालेय संघ घेणारे हे कृष्णवर्णीय प्रशिक्षक १९७७ मध्ये स्नायडर येथील वेस्टर्न टेक्सास कॉलेजात आले. १९८० मध्ये त्यांच्या संघाने एकही सामना न गमावता द्विवर्षीय महाविद्यालयांचे राष्ट्रीय विजेतेपद मिळवले. त्याच वर्षी ते तुल्सा विद्यापीठात गेले आणि पॉल प्रेसी यांच्यासह स्नायडरचे काही खेळाडू त्यांच्याबरोबर तेथे दाखल झाले. १९८१ मध्ये तुल्साने राष्ट्रीय निमंत्रित स्पर्धा जिंकली. १९९४ मध्ये रिचर्डसन यांच्या आर्कान्सा संघाने राष्ट्रीय विजेतेपद पटकावले. मोठ्या विद्यापीठांची दारे कृष्णवर्णीय प्रशिक्षकांना सहजासहजी उघडत नव्हती, त्या काळात द्विवर्षीय महाविद्यालयाने त्यांना स्वतःचे सामर्थ्य सिद्ध करण्याची जागा दिली.

तथापि या यशकथांची दुसरी बाजूही ध्यानात घ्यावी लागते. प्रशिक्षक विद्यापीठात गेला, त्याच्यामागे खेळाडू गेले, आणि महाविद्यालयाला पुन्हा आरंभापासून सुरुवात करावी लागली. १९९० मध्ये टार्केनियन यांच्या नेवाडा-लास व्हेगास संघाने राष्ट्रीय विजेतेपद मिळवले. त्या संघाचा आधारस्तंभ लॅरी जॉन्सन हा टेक्सासच्या ओडेसा कॉलेजात दोन वर्षे घडला होता. विजेतेपदाच्या नोंदीत मात्र ओडेसाच्या प्रशिक्षकवर्गाला स्थान नाही.

स्थैर्याचा दुसरा आदर्श :

याच्या अगदी विरुद्ध उदाहरण जीन बेस यांचे आहे. मिझुरीतील पॉप्लर ब्लफ येथील थ्री रिव्हर्स कॉलेजात त्यांनी १९७० ते २०२० अशी पन्नास वर्षे मुख्य प्रशिक्षकपद सांभाळले. त्यांच्या नावावर १,३०० विजय आणि १९७९ व १९९२ ची राष्ट्रीय विजेतेपदे आहेत. २०२३ मध्ये नेस्मिथ यांच्या नावाच्या बास्केटबॉल कीर्तिमंदिरात त्यांचा समावेश झाला. संघाची स्मृती प्रशिक्षकात असते, या वर मांडलेल्या मुद्द्याचा हा सर्वांत ठळक पुरावा होय. खेळाडूंच्या सुमारे पन्नास तुकड्या आल्या आणि गेल्या. रीत शिकवणारा एकच राहिला.

सहायकांचा प्रश्न :

प्रशिक्षकवर्गातील सर्वांत कमी नोंदला गेलेला घटक सहायकांचा. द्विवर्षीय महाविद्यालयांत अर्धवेळ किंवा अत्यल्प मानधनावर काम करणारे सहायक नेहमीचेच आहेत. या श्रमाचे मूल्य ठरवण्याचा प्रश्न न्यायालयात गेला तो सर्वोच्च श्रेणीच्या विद्यापीठांच्या संदर्भात. राष्ट्रीय महाविद्यालयीन क्रीडा संघटनेने १९९१ मध्ये एका वर्गातील सहायकांचे वार्षिक उत्पन्न १६,००० डॉलरपर्यंत मर्यादित केले. सहायकांनी त्यास आव्हान दिले. १९९८ मध्ये अपील न्यायालयाने ही मर्यादा स्पर्धाविषयक कायद्याचा भंग ठरवली आणि १९९९ मध्ये ५ कोटी ४५ लाख डॉलरची तडजोड झाली. या निकालाचा लाभ द्विवर्षीय महाविद्यालयांतील सहायकांना थेट मिळाला नाही. परंतु ‘अनुभव मिळतो, म्हणून वेतन कमी’ हा युक्तिवाद कायद्यापुढे टिकत नाही, हे त्यातून स्पष्ट झाले.

भारतीय संदर्भ :

स्प्रिंगफील्डच्या या परंपरेचा एक धागा भारतातही येतो. तेथेच शिकलेल्या हॅरी क्रो बक यांनी १९२० मध्ये मद्रास येथे वाय.एम.सी.ए.चे शारीरिक शिक्षण विद्यालय सुरू केले आणि प्रशिक्षित क्रीडाशिक्षकाची कल्पना येथे रुजवली. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमांत शारीरिक शिक्षण संचालकाचे पद शैक्षणिक पदांमध्ये गणले जाते. मैदानावरील काम हे अध्यापन आहे, हे तत्त्व आपल्याकडे निदान कागदावर मान्य आहे. प्रत्यक्षात त्याचे मूल्यमापन पदकांवरून होते की विद्यार्थ्याच्या पुढील वाटचालीवरून, हा प्रश्न दोन्ही देशांना समान आहे.

निष्कर्ष :

१. द्विवर्षीय महाविद्यालयांचा प्रशिक्षकवर्ग शालेय अध्यापनाच्या परंपरेतून निर्माण झाला. स्पर्धात्मक व्यवसायाचे रूप त्याला नंतर आले.

२. खेळाडूंचा मुक्काम दोनच वर्षांचा असल्याने संघाचे सातत्य प्रशिक्षकवर्गावर अवलंबून राहते. म्हणून या पदाची अस्थिरता इतर संस्थांपेक्षा येथे अधिक हानिकारक ठरते.

३. विद्यापीठांच्या यशात या प्रशिक्षकवर्गाचा वाटा मोठा असूनही इतिहासात नोंद झाली ती मुख्यतः तेथून पुढे गेलेल्यांची. तेथेच राहिलेल्यांची, विशेषतः सहायकांची नोंद नाही.

ज्या विद्यार्थ्याला पहिल्या प्रयत्नात विद्यापीठाचे दार उघडले नाही, त्याला दोन वर्षांत त्या दारापर्यंत नेणे हे या प्रशिक्षकवर्गाचे मुख्य कार्य होय. त्याचा हिशेब गुणफलकावर मांडता येत नाही. तो महाविद्यालयाच्या शैक्षणिक इतिहासातच मांडावा लागेल.