गुरुवायूरचे भजन

मलबारातील गुरुवायूरच्या श्रीकृष्णमंदिरात वातव्याधीने पीडलेल्या माणसाने येऊन मुक्काम करावा, पहाटे 3 वाजता निर्माल्यदर्शनासाठी द्वार उघडण्याच्या आत रुद्रतीर्थ या मंदिराच्या तळ्यात स्नान उरकावे, दिवसभरातील प्रत्येक पूजेस हजर राहावे आणि मूर्तीवरून उतरलेले अभिषेकाचे तेल दुखऱ्या अंगास लावावे, असा परिपाठ कित्येक शतके चालत आला आहे. या राहण्यास तिकडे भजन म्हणतात. कोणी ते 12 दिवस करतो, कोणी 41, तर कोणी वर्षभर. गाणगापूर व नरसोबाची वाडी येथे दुर्धर व्याधी घेऊन सेवेस राहणारी माणसे ज्यांनी पाहिली आहेत, त्या मराठी वाचकांस हे चित्र परके वाटू नये.

या परिपाठास कीर्ती मिळाली ती मेल्पत्तूर नारायण भट्टतिरी या सोळाव्या शतकातील पंडितामुळे. नीळा नदीच्या परिसरातील नंपूतिरी ब्राह्मण कुळात जन्मलेल्या या तरुणाने अच्युत पिषारटी या वैयाकरण व ज्योतिर्विद गुरूपाशी विद्या केली होती. गुरूला जडलेला वातरोग शिष्याने गुरुदक्षिणा म्हणून स्वतःवर घेतला, असे परंपरा सांगते. त्या रोगास कोणी पक्षाघात म्हणतात, कोणी संधिवात. एवढे मात्र खरे, की देह परावलंबी झालेला हा विद्वान गुरुवायूरास भजनास बसला आणि 100 दिवस रोज एक दशक, म्हणजे सुमारे दहा श्लोकांचा गट, या क्रमाने, भागवताच्या 18,000 श्लोकांचा सारांश त्याने हजाराहून थोड्या अधिक श्लोकांत उतरविला. तेच ‘नारायणीयम्’. ग्रंथाच्या अखेरच्या शब्दांत त्याने आयुष्य, आरोग्य व सौख्य मागितले आहे, आणि त्याच अक्षरांत, अक्षरांस अंक मानणाऱ्या कटपयादी पद्धतीने, कलियुगाचा 17,12,210 वा दिवस गुंफला आहे. हा दिवस 1586 सालाच्या अखेरीस येतो.

हे काव्य वाचताना मला सर्वाधिक हेलावते ती त्याची रचना. बहुतेक प्रत्येक दशकाच्या शेवटी कवी गुरुवायूरच्या देवाला उद्देशून आपली पीडा हरण करण्याची याचना करतो. सृष्टीची उत्पत्ती असो, प्रल्हादाची कथा असो वा रासक्रीडा, शेवटी तो आपल्या दुखण्यापाशी येतो, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा कथेकडे वळतो. शंभराव्या दशकात तो देवाचे केशांपासून चरणांपर्यंत एकेक अवयव न्याहाळीत वर्णन करतो. ज्याचा स्वतःचा देह ऐकेनासा झाला होता, त्याने एका निर्दोष देहाचे असे सावकाश दर्शन घ्यावे, यापरती श्रद्धेची परीक्षा कोणती? व्याधी प्रथम हरण करते तो माणसाचा दिवस: सकाळ आणि सायंकाळ यांतील भेद पुसला जातो, आणि आपल्याकडून कोणाची काही अपेक्षा उरली आहे, ही जाणीवच मावळते. भजनाच्या रिवाजाने रोग्यास तो दिवस घटकाघटकांनी परत दिला, आणि भट्टतिरीने त्यात रोजच्या दहा-अकरा श्लोकांचे कर्तव्य स्वतः घालून घेतले. गुण तेलाने आला, प्रार्थनेने आला की काळाने, याचा निवाडा मला करावयाचा नाही. बरा झाल्यावर तो दीर्घकाळ जगला आणि अंपलप्पुळच्या राजाच्या आश्रयास राहून त्याने ‘प्रक्रियासर्वस्व’ हा पाणिनीय व्याकरणावरील प्रचंड ग्रंथ सिद्ध केला. व्याकरण तो दुखण्यापूर्वीही जाणत होता. मोडलेल्या आयुष्याचा धागा त्याने त्याच विद्येत पुन्हा जोडला.

तथापि या आश्रयाची मुभा सर्वांस नव्हती, हे सांगितल्यावाचून हा इतिहास पुरा होत नाही. कालिकतच्या सामूतिरी राजाच्या देखरेखीखालील या देवस्थानात अस्पृश्य ठरविलेल्या रोग्यास पायरी चढणेदेखील निषिद्ध होते. व्याधीने जात पाहिली नाही, देवळाच्या कारभाराने ती पाहिली, आणि हा अन्याय माझ्या मते त्या सर्व शतकांतील तेलाभिषेकांवर पडलेला डाग आहे. 1931 साली काँग्रेसचे नेते के. केळप्पन यांच्या पुढाकाराने येथे सर्व हिंदूंच्या मंदिरप्रवेशासाठी सत्याग्रह सुरू झाला. मंदिराची घंटा वाजविणाऱ्या सत्याग्रही कृष्ण पिळ्ळै यांना मार खावा लागला. पुढील वर्षी केळप्पन यांनी आरंभिलेले उपोषण गांधीजींच्या सांगण्यावरून थांबले, आणि पोन्नानी तालुक्यातील हिंदूंचा कौल घेतला असता बहुमत प्रवेशाच्या बाजूने पडले. तरीही द्वार उघडले ते 1947 साली, आणि तेव्हापासून कोणत्याही जातीच्या हिंदू रोग्यास भट्टतिरीप्रमाणे तेथे भजनास बसता येऊ लागले.