साखरपुड्याचे छायाचित्रण : माझगावच्या टेकडीवर जाण्याआधी

लग्न ठरले की पूर्वी याद्या व्हायच्या त्या मानपानाच्या, देण्याघेण्याच्या आणि पाहुण्यांच्या. आता या याद्यांमध्ये आणखी एक ओळ वाढली आहे. साखरपुड्याआधी किंवा साखरपुडा आणि लग्न यांच्या मधल्या काळात वधू-वरांची निवांत छायाचित्रे काढण्याची. गिरगावातील चाळ असो की लालबागचा टॉवर, ही प्रथा आता सर्वत्र रुळली आहे. मात्र हॉल, केटरर आणि सोने यांच्या चर्चेत या कार्यक्रमाची आखणी मागे पडते आणि 'फोटोवाला सांगेल तसे करू' एवढ्यावर विषय संपतो. मग ऐन वेळी उद्यानाचा रखवालदार अडवतो, ऊन चढते, जरीची साडी घामाने भिजते आणि आयुष्यभर जपायच्या अल्बममध्ये दोन त्रासलेले चेहरे उरतात.

माझगावसारख्या भागात राहणाऱ्यांना यासाठी लोणावळा किंवा गोवा गाठण्याची गरज नाही. टेकडी, बंदर, जुनी लाकडी घरे आणि शंभर वर्षांहून जुन्या वास्तू हे सारे येथे पायी अंतरावर आहे. हवी असते ती थोडी माहिती आणि दोघांनी मिळून केलेली तयारी.

पडद्यापासून टेकडीपर्यंत

मुंबईला छायाचित्रणाची ओढ नवी नाही. छायाचित्रकारांची संस्था येथे १८५४ मध्येच स्थापन झाली होती. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी यांची त्या काळातील नामवंत छायाचित्रकारांत गणना होत असे. बॅलार्ड इस्टेटमधील हॅमिल्टन स्टुडिओची सुरुवात १९२८ मधली. तरीही सामान्य मराठी कुटुंबाचा छायाचित्राशी संबंध बराच काळ दोन प्रसंगांपुरताच राहिला. एक, स्थळांकडे पाठवण्यासाठी काढलेला मुलीचा फोटो. आणि दुसरा, लग्नानंतर स्टुडिओतील रंगवलेल्या पडद्यासमोर, खुर्चीत बसलेला नवरा आणि शेजारी उभी बायको असा जोडीचा फोटो. या दोन फोटोंच्या मधला काळ, म्हणजे लग्न ठरलेले आहे पण झालेले नाही असे ते हुरहुरीचे दिवस, कोणत्याही अल्बममध्ये नसत. आजच्या छायाचित्रणाचे महत्त्व तेथेच आहे.

आधी बोलणी, मग कॅमेरा

छायाचित्रकार ठरवण्यापूर्वी दोघांनी तीन गोष्टींवर मोकळेपणाने बोलणे आवश्यक असते. पहिली गोष्ट खर्चाची. हा खर्च मुलीकडचा की मुलाकडचा, असा प्रश्न निघाला की साखरपुड्याआधीच कटुता येते. नोकरी करणाऱ्या दोघांनी तो निम्मा-निम्मा वाटून घेतला, तर मोठ्यांच्या याद्यांवर त्याचा भार पडत नाही आणि निर्णयही आपल्याच हाती राहतो.

दुसरी गोष्ट घरच्यांच्या संमतीची. लग्नाआधी दोघांनी दिवसभर बाहेर राहणे काही घरांत आजही रुचत नाही. २०१९ च्या अखेरीस भोपाळमध्ये गुजराती, जैन आणि सिंधी समाजांच्या संघटनांनी अशा छायाचित्रणावर बंदीची भूमिका घेतली होती. बंदी हा त्यावरचा उपाय नव्हे. पण त्यामागची अस्वस्थता समजून घ्यावी लागते. आजी-आजोबांना आधी कल्पना दिली, सोबत बहीण, भाऊ किंवा मैत्रीण नेली, तर निम्मा विरोध मावळतो. कपडे धरायला, पाणी द्यायला आणि सामानावर लक्ष ठेवायलाही घरचे माणूस उपयोगी पडते.

तिसरी आणि सर्वांत नाजूक गोष्ट म्हणजे ही छायाचित्रे पाहणार कोण? काही छायाचित्रे सर्वांसाठी असतील, काही फक्त दोघांसाठी. कोणती छायाचित्रे समाजमाध्यमांवर टाकायची, हे दोघांच्याही होकाराने ठरावे. एकाने 'नको' म्हटले की ते 'नको'च. ठरलेली लग्ने क्वचित मोडतातही. तसे झाल्यास छायाचित्रे पुसून टाकली जातील, असे आधीच ठरवून ठेवण्यात अपशकुन नाही, शहाणपण आहे.

जागा कोणती?

माझगावच्या भंडारवाडा टेकडीवरील जोसेफ बाप्टिस्टा उद्यान ही बहुतेकांची पहिली पसंती असते. १६८० च्या सुमारास येथे बांधलेला किल्ला सिद्दी याकूतखानाने १६९० मध्ये जमीनदोस्त केला. पुढे १८८४ मध्ये टेकडीवर पाण्याचा जलाशय झाला. लोकमान्य टिळकांचे सहकारी आणि १९२५ मध्ये मुंबईचे महापौर झालेले बॅरिस्टर जोसेफ 'काका' बाप्टिस्टा यांचे नाव या उद्यानाला देण्यात आले आहे. डॉकयार्ड रोड स्थानकापासून ते अगदी जवळ आहे.

या जागेचा सर्वांत मोठा गुण म्हणजे तिची दिशा. मुंबईकर जोडपी सूर्यास्तासाठी मरिन ड्राइव्हला किंवा दादर चौपाटीला गर्दी करतात. माझगावच्या टेकडीचे तोंड मात्र पूर्वेला बंदराकडे आहे. येथे सूर्योदयाचा लाभ घ्यावा. डिसेंबर-जानेवारीत मुंबईत सूर्य सात ते सव्वासातच्या दरम्यान उगवतो, मे महिन्याच्या अखेरीस सहाच्या सुमारास. त्यानंतरचा साधारण तास-दीड तास प्रकाश कोवळा आणि तिरपा असतो. चेहऱ्यावर कडक सावल्या पडत नाहीत आणि फिरायला येणाऱ्यांखेरीज फारशी गर्दीही नसते. नऊनंतर ऊन चढते, डोळ्यांखाली सावल्या पडू लागतात आणि माणसे डोळे बारीक करू लागतात.

या जागेची एक मर्यादाही लक्षात ठेवायला हवी. टेकडीच्या पायथ्याशी माझगाव गोदी आहे आणि तेथे नौदलाच्या युद्धनौका बांधल्या जातात. संरक्षणविषयक गोदीचे चित्रण हा १९२३ च्या शासकीय गुपिते कायद्याच्या कक्षेत येऊ शकणारा विषय आहे. त्यामुळे लांब पल्ल्याची भिंग लावून गोदीकडे कॅमेरा रोखू नये. पार्श्वभूमीला आकाश, झाडे आणि उद्यानातील वाटा घ्याव्यात. ड्रोनचा विचार तर मनातही आणू नये. २०२१ च्या ड्रोन नियमांनुसार हवाई क्षेत्राची विभागणी झालेली आहे आणि मुंबई पोलीसही वेळोवेळी मनाईचे आदेश काढत असतात.

टेकडीखालचे म्हातारपाखाडी गावठाण ही दुसरी जागा. लाकडी जिने, नक्षीदार कठडे, कौलारू छपरे आणि गल्लीच्या मध्यावरचा क्रूस असे हे ईस्ट इंडियन वस्तीचे रूप छायाचित्रात फार देखणे दिसते. पण हा चित्रपटाचा सेट नव्हे. येथे माणसे राहतात. परक्याच्या जिन्यावर बसणे, खिडकीत डोकावणे, गल्ली अडवून दिवे लावणे हे कोणालाही आवडणार नाही. घरमालकाला आधी विचारावे, प्रार्थनेची वेळ टाळावी, दोन माणसांहून अधिक सामानवाले नेऊ नयेत आणि काम झाले की आभार मानून निघावे.

भायखळ्याचे ग्लोरिया चर्च आणि राणीचा बाग याही जवळच्या जागा. ग्लोरियाचे मूळ चर्च सतराव्या शतकात माझगावातच होते. आजची इमारत विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकातली. प्रार्थनास्थळात धर्मगुरूंच्या परवानगीशिवाय कॅमेरा काढू नये. राणीच्या बागेला, म्हणजे वीरमाता जिजाबाई भोसले उद्यानाला, बुधवारी साप्ताहिक सुटी असते हे तारीख ठरवतानाच पाहावे. भाऊच्या धक्क्याचेही अनेकांना आकर्षण असते. बोटी, समुद्रपक्षी आणि सकाळची लगबग तेथे खरोखरच चित्रमय असते. मात्र तो बंदर प्राधिकरणाचा भाग आहे. शिवाय सकाळी मासळीचा बाजार भरलेला असताना पैठणी नेसून तेथे जाणे किती सोयीचे, याचाही विचार व्हावा.

परवानगीचे काय?

मोबाइलवर चार फोटो काढणे वेगळे. आणि व्यावसायिक छायाचित्रकार, तिपाई, दिवे, मदतनीस असा लवाजमा नेणे वेगळे. माझगाव-भायखळा हा परिसर महापालिकेच्या 'ई' विभागात येतो. उद्यानात व्यावसायिक छायाचित्रण करायचे असल्यास विभाग कार्यालयात आणि उद्यान खात्याकडे आधी चौकशी करावी, परवानगी लेखी घ्यावी आणि तिची प्रत सोबत ठेवावी. 'आम्ही नेहमी इथेच करतो, कोणी काही बोलत नाही' हे छायाचित्रकाराचे आश्वासन परवानगीची जागा घेऊ शकत नाही.

डॉकयार्ड रोडचा फलाट किंवा रूळ यांचा मोह टाळलेलाच बरा. रेल्वेच्या हद्दीत विनापरवाना शिरणे हा १९८९ च्या रेल्वे कायद्याच्या कलम १४७ नुसार गुन्हा असून सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. त्याहून मोठा धोका जिवाचा आहे. नोव्हेंबर २०२० मध्ये मैसूर जिल्ह्यात तलकाडजवळ कावेरी नदीत अशाच छायाचित्रणाच्या वेळी नाव उलटून एका नियोजित वधू-वराचा मृत्यू झाला. फेब्रुवारी २०२४ मध्ये कर्नाटकातच चित्रदुर्ग जिल्ह्यातील सरकारी रुग्णालयाच्या शस्त्रक्रियागृहात असे चित्रीकरण करणाऱ्या डॉक्टरला नोकरी गमवावी लागली. वेगळेपणाच्या हट्टाला सीमा असावी, हेच या दोन्ही घटना सांगतात.

तारीख आणि तयारी

मुंबईत पावसाचे आगमन सर्वसाधारणपणे ११ जूनच्या सुमारास होते आणि तो ऑक्टोबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात परततो. तुळशीच्या लग्नानंतर मुहूर्त सुरू झाले की चांगले छायाचित्रकार मिळणे कठीण होते. अनेक मराठी घरांत पौषात शुभकार्ये टाळली जातात. छायाचित्रण हा काही धार्मिक विधी नाही; त्यामुळे पौषातील कोरड्या, थंड सकाळी या कामासाठी उत्तम. छायाचित्रकारही मोकळा असतो. मात्र अलीकडे हिवाळ्यात माझगाव परिसरातील हवा वारंवार खराब नोंदवली जाते. धुरक्यामुळे प्रकाश मऊ होतो, पण दूरचे बंदर दिसेनासे होते. आदल्या दोन-तीन सकाळी कोणीतरी टेकडीवर चक्कर मारून पाहिली तर अंदाज येतो.

कपडे दोनच जोड ठेवावेत. उद्यानात कपडे बदलायला जागा नसते, म्हणून जवळपास नातेवाइकांचे किंवा मित्राचे घर गाठून ठेवावे. एक जोड घरच्यासारखा, सुती कुर्ता किंवा साधी साडी, दुसरा सणासुदीचा. जरीकाठावर थेट ऊन पडले की तो भाग पांढरा दिसतो, त्यामुळे पैठणीची छायाचित्रे सावलीत काढावीत. अगदी बारीक चौकड्यांचा सदरा पडद्यावर लहरल्यासारखा दिसतो. दोघांनी एकाच रंगाचे कपडे घालण्यापेक्षा एकमेकांना पूरक रंग निवडावेत. चढ-उतारासाठी चपला सपाट असाव्यात. अंगठी छायाचित्रात हवी असेल तर छायाचित्रण साखरपुड्यानंतर ठेवावे. आधी ठेवल्यास पत्रिकेसाठी किंवा निमंत्रणासाठी छायाचित्रे वापरता येतात.

लाजणे हा दोष नव्हे. कॅमेऱ्यासमोर पहिली वीस मिनिटे सगळेच अवघडतात. ती वेळ धरूनच आखणी करावी. चित्रपटातील ठेवणीच्या नकला करण्यापेक्षा चालावे, चहा प्यावा, एकमेकांशी बोलावे. छायाचित्रकाराने सुचवलेली एखादी जवळीक नको वाटली, तर तसे स्पष्ट सांगण्याचा अधिकार दोघांनाही आहे.

करार कागदावर

किती तास, किती जागा, किती छायाचित्रे संस्कार करून मिळणार, मूळ फायली मिळणार की नाही, अल्बमचा खर्च वेगळा का, रक्कम जीएसटी धरून की वगळून, पाऊस पडल्यास दुसरी तारीख मिळेल का, हे सारे लिहून घ्यावे. एक बाब फारशी कोणाला ठाऊक नसते. १९५७ च्या स्वामित्व हक्क कायद्याच्या कलम १७ नुसार मोबदला देऊन काढून घेतलेल्या छायाचित्राचा पहिला मालक, विरुद्ध करार नसेल तर, ते काढून घेणारा असतो. म्हणूनच छायाचित्रकाराने पुढे केलेल्या छापील कागदावर सही करण्यापूर्वी तो वाचावा. 'छायाचित्रे जाहिरातीसाठी वापरण्याचा हक्क आमचा' असे कलम त्यात असू शकते. ते मान्य नसेल तर खोडून दोघांनी शेजारी सही करावी.

विसरू नये असे काही

* परवानगीची प्रत आणि दोघांची ओळखपत्रे
* पाणी, रुमाल, सेफ्टी पिना, कंगवा, टिकल्यांचे पाकीट
* चष्मा पुसण्याचे कापड
* पावसाळ्याच्या तोंडावर छत्री. ती छायाचित्रातही शोभते
* छायाचित्रकाराकडे जादा बॅटरी आणि दोन मेमरी कार्डे असल्याची खात्री
* घरी परतल्यावर छायाचित्रांची दुसरी प्रत वेगळ्या ठिकाणी साठवणे

शेवटची सूचना जागेची नाही, माणसांची आहे. टेकडीवरून परतताना छायाचित्रकाराला अर्धा तास घरी न्यावे. स्वयंपाकघराच्या दारात उभी असलेली आई, खुर्चीत वर्तमानपत्र घेऊन बसलेले वडील, नातजावयाकडे निरखून पाहणारी आजी यांच्यासोबत एकेक छायाचित्र काढून घ्यावे. त्याला परवानगी लागत नाही आणि वेगळे पैसेही क्वचितच पडतात. दहा-वीस वर्षांनी अल्बम उघडला जाईल तेव्हा बंदरावरच्या सूर्योदयापेक्षा हेच पान अधिक वेळ उघडे राहण्याची शक्यता आहे.